संयुक्त राष्ट्रांचा एसडीजी डेटाबेस: खिडकी एक, खाती अनेक

शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांचे (एसडीजी) जगभरचे आकडे एका जागी हवे असतील, तर संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाच्या या डेटाबेसला तोड नाही. फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. पण आकडे उतरवून थेट अहवालात चिकटवलेत तर फसगत ठरलेली, कारण हे आकडे तो विभाग काढतच नाही. प्रत्येक निर्देशक, म्हणजे उद्दिष्टाची प्रगती मोजणारं माप, एका किंवा अनेक संस्थांकडे सोपवलेला असतो. अतिदारिद्र्य जागतिक बँकेकडे, बेरोजगारी आयएलओकडे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना), भूक एफएओकडे (अन्न व कृषी संघटना), पिण्याचं पाणी डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) आणि युनिसेफकडे मिळून. पद्धत ज्याची त्याची, वेळापत्रकही ज्याचं त्याचं.

आकडे काढणं सोपं आहे. उद्दिष्ट, लक्ष्य, निर्देशक, मग मालिका (वर्षवार आकड्यांचा संच) असं उतरत जायचं, देश निवडायचा (भारताचा कोड 356) आणि फाइल घ्यायची. एका निर्देशकाखाली बऱ्याचदा चार-पाच मालिका असतात, त्यामुळे मालिकेचा कोड आणि डेटाबेसचा आवृत्ती क्रमांक लगेच टिपून ठेवा.

फाइलमध्ये एका वर्षाची एकच ओळ नसते. लिंग, वयोगट, शहरी-ग्रामीण अशा प्रत्येक जोडीची वेगळी ओळ येते. बेरोजगारीची मालिका न चाळता पिव्हटमध्ये (एक्सेलचा गोषवारा काढणारा तक्ता) टाकली, की एक्सेल 'पुरुष', 'स्त्री' आणि 'दोन्ही' यांचे दर बिनदिक्कत बेरजेला धरतं. आधी फिल्टर, मग पिव्हट.

सगळ्यात मोलाचा रकाना 'नेचर'चा, आणि नेमका तोच लोक लपवून टाकतात. 'सी' म्हणजे देशाने दिलेला आकडा, 'सीए' म्हणजे देशाचाच पण तुलनेसाठी जुळवलेला, 'ई' म्हणजे अंदाज, 'एम' म्हणजे मॉडेलमधून आलेला. एकाच आलेखात 'सी' आणि 'एम' शेजारी ठेवायचे असतील तर निदान तळटीप द्या.

मातामृत्यूचं उदाहरण घ्या. आपल्या नमुना नोंदणी पाहणीनुसार 2018-20 साठी भारताचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 97. संयुक्त राष्ट्रांच्या पाच संस्थांच्या गटाने 2023 च्या अहवालात 2020 साठी दिलेला आकडा 103. दोन्ही चुकीचे नाहीत. पाहणी तीन वर्षांचे मृत्यू एकत्र मोजते, तर गट मॉडेल चालवून एकेका वर्षाचा अंदाज काढतो. या गटाच्या 2025 च्या अहवालात 2023 साठी 80 आलं. तेव्हा 2000 पासूनची सगळी मालिका नव्याने काढली गेली. त्यामुळे जुन्या फाइलमधलं 103 आणि नव्या फाइलमधलं 80 घेऊन 'तीन वर्षांत इतकी घट' असं लिहिणं साफ चूक. संपूर्ण मालिका एकाच आवृत्तीतून घ्या.

दारिद्र्याचंही तेच. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा (माणशी, दर दिवशी) 2022 मध्ये 1.90 वरून 2.15 डॉलर झाली आणि जून 2025 मध्ये 3 डॉलर. प्रत्येक वेळी गरिबांची संख्या मागच्या वर्षांसकट बदलते.

मेटाडेटाच्या, म्हणजे आकड्यांविषयीच्या माहितीच्या, फायली मात्र उत्तम आहेत: व्याख्या, सूत्र, आकडा कोणाकडून कसा येतो, सगळं त्यात सापडतं. नियमानुसार संस्थेने आकडा प्रसिद्ध करण्याआधी देशाच्या सांख्यिकी यंत्रणेशी पडताळून घ्यायचा असतो. तरी मतभेद उरतातच, आणि ते पडद्यावर कुठेच दिसत नाहीत, ही या सेवेची खरी उणीव. पाचपैकी साडेतीन.

महाराष्ट्राचे आकडे इथे शोधू नका, राज्यनिहाय काहीच नाही. त्यासाठी नीती आयोगाचा एसडीजी इंडिया इंडेक्स किंवा सांख्यिकी मंत्रालयाची राष्ट्रीय निर्देशक चौकट बघा. नीती आयोग 0 ते 100 गुण देतो आणि त्याची निर्देशकांची निवडही वेगळी आहे, तेव्हा ते गुण आणि इथले आकडे एका तक्त्यात बसवू नका.