मसाज गनचा अनुभव, काही महिने वापरल्यानंतर: मांड्या मोकळ्या होतात, दुरुस्ती मात्र तिच्याच गतीनं होते

मसाज गन म्हणजे स्नायूवर भराभर ठोके देणारं हातात धरायचं यंत्र. आधी निकाल सांगतो. जोरदार व्यायामानंतर भरून आलेल्या मांड्या-पोटऱ्या तात्पुरत्या सैल करायला मसाज गन चांगली. स्नायूची इजा लवकर बरी व्हावी म्हणून घेत असाल तर घेऊ नका.

‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढते’ हा दावा तर पहिल्यांदा डोक्यातून काढा. व्यायाम थांबला की साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच रक्तातलं रूप) पूर्वपदावर येतं. दुखणं कळसाला पोचतं ते २४ ते ७२ तासांनी, म्हणजे ते सगळं कधीच निघून गेल्यावर. खरी भानगड स्नायुतंतूच्या आत असते. स्नायू लांबत असताना ताण पडला (उतारावरून धावणं, स्क्वॉटमध्ये सावकाश खाली जाणं) की काही सार्कोमिअर (तंतूतले आकुंचन पावणारे छोटे घटक) प्रमाणाबाहेर ओढले जातात, त्यांच्या हद्दीवरच्या झेड-रेषा वेड्यावाकड्या होतात आणि पेशीपटलाला बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून कॅल्शियम आत शिरतं आणि कॅल्पेन ही विकरं तिथली प्रथिनं कापायला लागतात. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मागून मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येऊन मोडतोड साफ करतात. इजा मोठी असेल तर तंतूला चिकटून निपचित पडलेल्या सॅटेलाइट पेशी (स्नायूच्या मूळपेशी) जाग्या होऊन विभागतात. छोट्या चिरांसाठी तेवढीही यातायात नाही: तंतूतलीच केंद्रकं चिरेकडे सरकतात आणि तिथल्या तिथे नवी प्रथिनं तयार व्हायला लागतात. हे २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. यातला कुठलाही टप्पा बाहेरून ठोके दिल्यानं लवकर उरकतो, असं सिद्ध झालेलं नाही.

मग गन करते काय? दुखण्याची जाणीव काही काळ बोथट करते आणि सांध्याची हालचाल थोडी वाढवते. जिना उतरताना हा फरक लगेच कळतो. पण फसगतही इथेच होते. दुखणं गेलं म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा जड स्क्वॉट लावले की बार नेहमीपेक्षा जड लागतो, कारण इजेमुळे घटलेली ताकद अजून परत आलेली नसते. म्हणून गन फिरवण्याआधी जागच्या जागी दोन-तीन उंच उड्या मारून बघाव्यात. भिंतीवरची नेहमीची खूण हाताला लागत नसेल तर त्या दिवशी पायांचा जड व्यायाम नको, मांड्या कितीही हलक्या वाटोत.

वापरायची रीत सोपी आहे. गोल फोमचं डोकं, सगळ्यात कमी वेग, एका स्नायूवर ६० ते ९० सेकंद, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकवत. दाब गनच्या वजनाचा, तेवढाच. मांडी सैल सोडलेली हवी. आवळून धरली तर ठोका वरच्या वर उसळतो आणि मनगटाला मुंग्या येतात. जोर लावून दाबलं की कमी ताकदीची मोटर गुरगुरते आणि अडकते. टोकदार डोकं पोटरीवर लावलं तर दुसऱ्या दिवशी काळंनिळं होतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूनं वर जाताना खुब्याचं हाड आलं की थांबायचं, गुडघ्याच्या वाटीपासूनही चार बोटं लांब. गळ्याच्या पुढच्या भागावर कधीच नाही.

काही वेळा गन कपाटातच बरी. व्यायामाच्या मानानं फारच जास्त सूज, हातपाय लुळे पडल्यासारखे आणि लघवी कोलासारखी गडद, अशी लक्षणं असतील तर ते रॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले घटक रक्तात उतरणं, असू शकतं. लगेच डॉक्टर गाठा. मसाज गन वापरल्यानंतर हे झाल्याचीही वैद्यकीय नोंद आहे. एकाच पोटरीला सूज असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

जाता जाता: नव्या व्यायामानंतर चार दिवसांत रक्ततपासणी केली तर सीके (स्नायूतलं एक विकर) भरमसाट दिसू शकतं, आणि यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी हे विकरही वाढलेलं येतं. एसजीओटी स्नायूतूनही येतं, त्यामुळे यकृताच्या नावानं घाबरण्याआधी व्यायामाचं डॉक्टरांना सांगा.

पुढच्या वेळचं दुखणं कमी करायचं तर गनपेक्षा भारी उपाय फुकटात आहे. उताराचं धावणं किंवा नवा व्यायाम आधी एकदा थोड्या मात्रेत करून ठेवायचा. पुढचे काही आठवडे तोच व्यायाम पुन्हा केल्यावर स्नायूला इजा कमी होते. बाकी दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं आणि पुरती झोप. १० ते १५ अंशांच्या थंड पाण्यात बसल्यानं दुखणं उतरतं खरं, पण वजनं उचलल्यावर दर वेळी बसलात तर स्नायूची वाढ मंदावते.

यंत्राबद्दल थोडकंच. फोमचं डोकं घामानं गुळगुळीत होऊन जोडापाशी चिरतं, ओल्या फडक्यानं पुसत राहिलं तर जास्त टिकतं. हवेच्या जाळीत कपड्यांचे तंतू साचून मोटर तापते, ते ब्रशनं काढावेत. फोम रोलर (अंगाखाली घेऊन लोळायचा फोमचा दंडगोल) आधीच असेल तर मांड्यांसाठी तोच पुरे. गनची सरशी पोटऱ्यांवर आणि खांद्यामागे, जिथे रोलरवर अंगाचं वजन नीट टाकता येत नाही.