आठ महिने वापरलेलं टेस्ट प्लगइन: पट्टी हिरवी, हळद गायब

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी आम्ही दोघं मिळून हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. भाषा जावा, कोड बांधायला मेव्हन आणि टेस्टसाठी, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासायला, टेस्टएनजी. आयडीईमधूनच (कोड लिहायच्या प्रोग्राममधूनच) टेस्ट चालवता याव्यात म्हणून त्याला जोडायचं एक प्लगइन टाकलं, त्याला आता आठ महिने झाले. आधीच सांगतो, काढून टाकलेलं नाही. पण त्याने हिरवी पट्टी, म्हणजे सगळ्या टेस्ट पास, दाखवली म्हणून कोड सर्व्हरवर ढकलायचं मी बंद केलंय.

घोळ असा आहे. शेतकऱ्याच्या हातात विक्रीची जी कागदी पट्टी पडते तिचा हिशेब हळद, गूळ, बेदाणा सगळ्यांचा बराचसा सारखाच. वजन, दर, हमाली, तोलाई. म्हणून एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास (कोडचा सामाईक साचा) केला, त्याच्या डोक्यावर एकदाच @टेस्ट ही खूण (ॲनोटेशन) लिहिली आणि पाच सामाईक टेस्ट त्यात ठेवल्या. खाली त्याचा वारसा घेणारा प्रत्येक मालाचा आपापला क्लास आणि त्यात त्या मालाच्या आणखी तीन टेस्ट. या खालच्या क्लासवर पुन्हा @टेस्ट लिहावं लागत नाही. टेस्टएनजी चालताना वरच्या क्लासपर्यंत चढून बघते आणि खालच्या क्लासमधल्या पब्लिक मेथडही (बाहेरून बोलावता येणारे कोडचे तुकडेही) टेस्ट म्हणून धरते.

प्लगइन चढत नाही. समोरच्या फाइलीत @टेस्ट दिसलं तरच ती टेस्ट, नाहीतर त्याच्या लेखी साधा क्लास. हळदीच्या क्लासवर राइट क्लिक केलं तर 'रन ॲज'मध्ये टेस्टएनजी हे नावसुद्धा येत नाही. हे निदान दिसतं तरी. पूर्ण पॅकेज (क्लासचा गठ्ठा) चालवलं की मात्र ते असे क्लास गुपचूप वगळतं आणि उरलेल्यांवर हिरवी पट्टी देतं. मी नेहमी पॅकेजच चालवायचो, त्यामुळे तीन महिने पत्ताच लागला नाही.

लागला तो असा. पैसे पूर्णांकात आणायचा कोड बदलताना हळदीत पोत्याचं बारदान दोनदा वजा व्हायला लागलं. माझ्याकडे सगळं हिरवं. संध्याकाळी कोड ढकलला आणि भडंग खात बसलो. रात्री मिरजेहून जोडीदाराचा फोन, "लेका, एकदा चालवून तरी बघायचंस की!" चालवलंय म्हणून मी भांडलो. मग दोघांनी आकडे समोरासमोर ठेवले. सर्व्हरवर मेव्हनने ६१ टेस्ट चालवल्या होत्या, माझ्याकडे ३७. तीन मालांच्या आठ-आठ, बरोबर २४ गायब.

आधी मला वाटलं चूक आमचीच. जावात ॲनोटेशन वारशाने खाली यायचं तर त्याच्या व्याख्येवर @इनहेरिटेड लागतं, आणि तेही फक्त क्लासकडून क्लासकडे चालतं, मेथड किंवा इंटरफेसला नाही. पण टेस्टएनजी त्या नियमावर अवलंबूनच नाही, स्वतःच शोधत वर जाते. म्हणजे चालवणारी टेस्टएनजी एक नियम पाळते आणि निवडणारं प्लगइन दुसरा.

उपाय दोन केले. पहिला, प्रत्येक क्लासवर @टेस्ट चिकटवणं. दोन दिवसांत कंटाळलो. नवा माल आला की कुणीतरी विसरणारच. दुसरा टिकला. टेस्टएनजीची एक्सएमएल फाइल (काय चालवायचं ते सांगणारी) करून तिच्यात पॅकेजचं नाव दिलं आणि प्लगइनला तीच फाइल चालवायला लावली. मग कोणते क्लास घ्यायचे ते टेस्टएनजीच ठरवते. आकडा लगेच ६१ झाला. (क्लासच्या डोक्यावर @टेस्ट ठेवणाऱ्यांना एक सूचना: काही परत न देणारी मदतनीस मेथड चुकून पब्लिक ठेवली तर तीही टेस्ट म्हणून पळते. आमची एक पळाली होती.)

बाकी प्लगइन चांगलं आहे, नाहीतर एवढे दिवस ठेवलंच नसतं. एकच मेथड डीबगला (ओळीओळीने चूक शोधायला) लावता येते, पडलेल्या ओळीवर थेट उडी मारता येते, आणि फक्त नापास टेस्ट पुन्हा चालवायची सोय तर मी दिवसातून दहादा वापरतो. मधे दोन अपडेट आले. दोन्ही वेळा पहिल्यांदा हळदीच्या क्लासवर राइट क्लिक केलं. काही नाही. दोन छोट्या क्लासचं उदाहरण जोडून तक्रार पाठवली आहे.

तोवर मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली आहे, तिच्यावर फक्त टेस्टचा आकडा. गेल्या महिन्यात सोयाबीनचा क्लास आला, म्हणून ६१ खोडून ६९ केलंय.