कोड टाकण्याआधीच हिरवी टिक: प्रोटीन पावडरमध्ये गेलेले 20,880 रुपये

जिमच्या ट्रेनरच्या ओळखीने घेतलेली प्रोटीन पावडर नकली निघाली, त्याची ही गोष्ट. दुकानाचं, जिमचं आणि शहराचं नाव लिहीत नाहीये. ‘बदनामीची केस ठोकतो’ असं दुकानदाराने व्हॉट्सॲपवर कळवलंय आणि माझी तक्रार अजून चालू आहे. ओळखणारे ओळखतीलच. त्या जिममधल्या निम्म्या पोरांच्या बॅगेत आजही तोच डबा आहे.

आधी हिशोब. मी अकाउंटंट आहे, दुसरं काही नाही तरी हे जमतं. व्हे प्रोटीनचे (दुधाच्या निवळीपासून बनवलेली पावडर) पाच पौंडी दोन डबे, प्रत्येकी 5,200, म्हणजे 10,400. क्रिएटिनची (व्यायामासाठीची आणखी एक पावडर) डबी 900. नंतर तिसरा डबा 5,000 (दोनशे कमी का, ते पुढे येईल, आणि तिथेच सगळ्यात जास्त चीड येते). लॅबची फी 3,500 अधिक जीएसटी 630, म्हणजे 4,130. रक्ततपासणी 450. एकूण 20,880. रिक्षा, झेरॉक्स आणि अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या रजा यात धरलेल्या नाहीत.

आता लगेच कोणीतरी शिकवायला येईल की पावडर कशाला, अंडी खा. आमच्याकडे आई माळकरी आहे. अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही आणि येणार नाही. माझं वजन 74 किलो. किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन हा साध्या माणसाचा सरकारी हिशोब, म्हणजे मला दिवसाला 61 ग्रॅम लागतं. चपाती, भाजी, आमटी-भात आणि वाटीभर उसळ एवढ्यावर ते गाठून दाखवा. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) 5.9 आलं तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं होतं की शुगर काठावर आहे, भात कमी करा, वजनं उचला, प्रोटीन वाढवा. दंड फुगवून फोटो टाकायचं माझं वय नाही. बॉडी कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेऊ नका, असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या पोषण संस्थेने 2024च्या आहार-मार्गदर्शिकेत म्हटलंय, तेही वाचलं. पैसे गेल्यावर वाचलं.

आणि आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळून फेसाळ दूध हातात देतात. त्या भागातला माणूस डब्यातली भुकटी पाच हजाराला आणतो, हे आई रोज ऐकवते. ऐकतो.

माल सुचवला जिमच्या ट्रेनरने. पोरगा गोड. मला ‘सर’ म्हणायचा, स्क्वॉट मारताना मागे उभा राहायचा, गुडघा आत वळला की लगेच टोकायचा. तो म्हणाला, “सर, ऑनलाइन घेऊ नका, सगळा डुप्लिकेट माल असतो. माझ्या ओळखीचा इम्पोर्टर आहे, डायरेक्ट माल.” जो माणूस नकली मालाची भीती आधी घालतो आणि मग अस्सल माल खिशातून काढतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. छापील किंमत 8,499, कंपनीच्या साइटवर साडेसहा हजारांच्या आसपास, आणि मला 5,200ला. निम्म्या किमतीत दिला असता तर मी तिथून उठलो असतो. ही मंडळी तेवढी दूधखुळी नाहीत. ‘ओळखीने मिळालं’ असं वाटावं एवढीच सूट देतात.

आता त्या दुकानातला तो अर्धा मिनिट. डब्याच्या मागे चंदेरी पट्टा होता. तो नाण्याने खरवडायचा, खालचा कोड बघायचा, शेजारचा क्यूआर स्कॅन करून कंपनीच्या साइटवर तो कोड टाकायचा, ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत. मी क्यूआर स्कॅन केला. पान उघडलं, वर कंपनीचा लोगो, खाली भलीमोठी हिरवी टिक आणि अभिनंदन, आपले उत्पादन अस्सल आहे. पाच रुपयांचं नाणं अजून माझ्या उजव्या हातात होतं. पट्टा खरवडलेलाच नव्हता. कोड टाकलेलाच नव्हता. मग ते पान कशाची खात्री देत होतं?

मला खटकलं नाही असं नाही. “अरे, कोड कुठे टाकायचा?” असं मी विचारलंसुद्धा. ट्रेनरने फोन हातातून घेतला, पान खाली सरकवलं, एक चौकोन काढला, पट्टा खरवडून आकडे टाकले. पुन्हा हिरवी टिक. “झालं सर, शंभर टक्के ओरिजिनल.” तोवर चहा आला होता. मागे दोन पोरं त्याच डब्यासाठी उभी होती. जो माणूस रोज आपल्या पाठीवर लक्ष ठेवतो, त्याला तोंडावर ‘थांब, पुन्हा दाखव’ म्हणायला जीभ रेटत नाही. हे लोक जगतात ते या भिडेवर. एरवी मी ऑफिसात चलन आणि बिल जुळल्याशिवाय पुरवठादाराचा एक रुपया सोडत नाही.

पुढे घरी बसून त्याच पानावर मी 1234 टाकलं. हिरवी टिक. ‘पांडुरंग’ टाइप केलं. हिरवी टिक, अभिनंदन, आपले उत्पादन अस्सल आहे. वरचा पत्ता नीट पाहिला तर कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि आणखी एक शब्द जोडलेला. डब्यावरचा क्यूआर ज्याने छापला, त्यानेच साइटही बनवलेली. म्हणून डब्यावरचा क्यूआर वापरूच नका. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतःच्या बोटांनी टाइप करा. आणि आधी मुद्दाम चुकीचा कोड टाका. चुकीच्या कोडलाही साइट हो म्हणाली तर डबा काउंटरवर ठेवून बाहेर पडा.

बिल मागितलं तर “जीएसटीचं पाहिजे तर टॅक्स वर लागेल, सर.” छापील किंमत सगळे कर धरूनच असते, हे अकाउंटंटला सांगायची गरज नाही. पण चारशे-पाचशे वाचत होते, आणि ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी मी घेतली. यूपीआयचे पैसे दुकानाच्या नावावर नाही, एका बाईंच्या वैयक्तिक खात्यात गेले. तेव्हा नाव वाचलं होतं. मालकाची बायको असेल असं वाटलं. असेलही.

आयातदाराचा स्टिकर जरा तिरका होता. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी नंबर, सुरुवात 215ने. हे तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या धंद्याची साधी नोंदणी, आणि पुढचे 15 म्हणजे महाराष्ट्र. आयातदाराला केंद्रीय परवाना लागतो, तो नंबर 100ने सुरू होतो. म्हणजे अमेरिकेतून कंटेनर आणणाऱ्या माणसाकडे कागद होता तो कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडे असतो तसला. फॉसकॉस या त्याच प्राधिकरणाच्या परवान्यांच्या साइटवर नंबर टाकला की मालकाचं नाव आणि पत्ता निघतो. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे, करा.

पावडर पाण्यात छान विरघळायची. चॉकलेटची चव जास्तच गोड लागायची, तर ट्रेनर म्हणाला, नवीन फ्लेवर आहे. यूट्यूबवरचा बेटाडिनचा प्रयोगही केला, काही निळंकाळं झालं नाही. त्या प्रयोगांच्या नादी लागू नका. पिठातला स्टार्च त्यात सापडेल, माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली भुकटी, बरेचदा निसटतं.

दोन डबे संपत आले तेव्हा ट्रेनर म्हणाला, “सर, रिकामे डबे टाकू नका. आणून द्या, डब्यामागे शंभर कमी करून देतो. कंपनीची रिसायकलिंगची स्कीम आहे.” मी धुऊन, पुसून, झाकणासकट नेऊन दिले. म्हणून तिसरा डबा 5,000ला. अस्सल डब्यांची किंमत त्यात काय भरलंय यावर नसते, हे तेव्हा कुठे माहीत होतं? पुढच्या गिऱ्हाइकाचं पॅकिंग मी स्वतः विसळून दिलं आणि त्यांच्याविरुद्धचा पुरावा दोनशे रुपयांना त्यांनाच विकला. तुमच्याकडे खऱ्या कंपनीचा खरा डबा असला तरी भंगारात देण्याआधी लेबल फाडा आणि बुडाला भोक पाडा. कृपा करून पाडा.

नंतरच्या तपासणीत एचबीएवनसी 6.8 आलं. भात बंद, साखर बंद, घाम गाळतोय, आणि आकडा वर. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय सुरू केलंत? तिसरा डबा घेऊन एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या खासगी लॅबमध्ये गेलो. लेबलवर 32 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 24 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 75 टक्के. रिपोर्टमध्ये शंभर ग्रॅममागे प्रोटीन 21.4, कार्बोहायड्रेट 68.7. म्हणजे बहुधा माल्टोडेक्स्ट्रिनच, आणि ते साध्या साखरेपेक्षाही झपाट्याने रक्तातली शुगर चढवतं. दिवसाला दोन स्कूप, म्हणजे रोज 44 ग्रॅम कार्बोहायड्रेट मी शेकरमध्ये घोळून, शुगर उतरावी म्हणून पीत होतो. स्कूपमागे प्रोटीन जेमतेम सात ग्रॅम आणि खर्च 73 रुपये. एका अंड्यात सहा ग्रॅम असतं. माळकऱ्याच्या पोराने अंडं न खाता 73 रुपयांना एक अंडं घेतलं.

बरं, हे 21.4 सुद्धा सगळं प्रोटीन असेलच असं नाही. लॅब नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25ने गुणते. ग्लायसिन, टॉरिनसारख्या अमिनो ॲसिडची स्वस्त पावडर टाकली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन वाढतं. अमिनो ॲसिडची वेगळी तपासणी करायची का, असं काउंटरवरच्या बाईंनी विचारलं. फी ऐकली आणि पुरे म्हटलं. लेबलवरच्या घटकांच्या यादीत ही नावं दिसली तर तो डबा घेऊ नका. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिलं नाव व्हेचंच पाहिजे.

दुकानदार म्हणाला, सील फोडलंय, तुम्ही घरी काय मिसळलंत मला काय माहीत. ट्रेनर म्हणाला, “सर, मी फक्त ओळख करून दिली.” दुसऱ्या दिवसापासून त्याला माझा गुडघा दिसेनासा झाला. ज्या कंपनीचं नाव डब्यावर आहे तिच्या ग्राहक सेवेने अधिकृत विक्रेत्यांची यादी पाठवली आणि प्रकरण मिटवलं.

मग सरकार. अन्न तपासणीच्या कार्यालयात साहेब फील्डवर. नंतर साहेब मीटिंगला. मग साहेब भेटले आणि म्हणाले, हा लॅब रिपोर्ट आमच्या कामाचा नाही, नमुना आमच्या अधिकाऱ्यानेच घ्यायला हवा, तोही रीतसर चार भागांत. ठीक, घ्या. तर म्हणे उघडा डबा चालत नाही. मग मी कायदा काढून वाचला. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. फक्त एक अट आहे: हा माल मी तपासायला देणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं! म्हणजे मी काउंटरवर उभा राहून म्हणायचं, “शेठ, तुमचा माल नकली वाटतोय, एक डबा द्या, तपासायला टाकतो,” आणि शेठने मागच्या गोडाऊनमधून तोच नकली डबा काढून द्यायचा. हे कलम ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात दुकानातून काही विकत घेतलेलं दिसत नाही.

लेखी तक्रार दिली, पोच घेतली. बऱ्याच पाठपुराव्यानंतर अधिकारी दुकानात गेले. दर्शनी कपाटातला, पक्क्या बिलाचा, दुसऱ्याच कंपनीचा डबा नमुना म्हणून उचलला. तो पास झाला. आता दुकानदार ते पत्र फ्रेम करून लावेल.

पोलीस चौकीत हवालदार म्हणाले, हे अन्नवाल्यांचं काम. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणे, तुम्ही दुकानात जाऊन स्वतः पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा होत नाही. नकली वेबसाइट बनवली तो कुठला गुन्हा मग, शेतीचा? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक लगेच मिळाला, पुढे एक मेसेज आला की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल लागला ते मेसेजमध्ये नव्हतं. चौघांनी चार दिशा दाखवल्या आणि प्रत्येकाने एक झेरॉक्स ठेवून घेतली.

वकिलाने पंधरा हजार सांगितले. पण जिल्हा ग्राहक आयोगात वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मी स्वतः लिहून दाखल केली आहे. एस्टिमेटची चिठ्ठी, यूपीआयचा तपशील, त्या पानावर ‘पांडुरंग’ टाकून आलेल्या हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट (तो पाहून तिथला क्लार्क हसला, पण जोडून घेतला), लॅब रिपोर्ट आणि दोन्ही रक्ततपासण्या लावल्यात. कमतरता आहे ती पक्क्या बिलाची आणि न उघडलेल्या डब्याची. 215ने सुरू होणारा नंबर असलेला सीलबंद डबा कोणाकडे पडून असेल तर तो उघडू नका, परत करायलाही जाऊ नका, त्याच्या चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि मला मेसेज करा. सुनावणीत दुसरा तक्रारदार उभा राहिला तर ‘यानेच घरी काहीतरी मिसळलं’ म्हणणं दुकानदाराला जड जाईल.