ब्रश पाण्यात धुतला तेव्हाच कळायला हवं होतं

अंगणातल्या 420 चौरस फूट दगडी फरशीला सॉल्व्हंट-बेस्ड सीलर, म्हणजे थिनरसारख्या उग्र वासाच्या द्रवात बनवलेला, दगडावर लावायचा संरक्षक थर, 2 हात. ओल्या दगडासारखा गडद रंग येईल, असं सीलर लावणारा म्हणाला. त्याच मालाचा भाव लावून 70 टक्के आगाऊ घेतले आणि मी मुकाट्याने दिले.

कामाच्या दिवशी घरातल्या खिडक्या बंद करून बसलो, कारण आईला दमा. वास आलाच नाही. मी खूश! बाहेर जाऊन वर त्याला चहा दिला. डब्यावर ज्वाळेचं चिन्ह होतं, पण सील आधीच फोडलेलं. आतला माल दुधासारखा पांढरा. माझ्यादेखत त्याने आमच्याच नळाचे 3 तांबे पाणी त्यात ओतलं, ढवळलं आणि संध्याकाळी ब्रश बादलीत धुतले. पाण्यात! सॉल्व्हंटचा ब्रश थिनरशिवाय निघत नाही, हे मला दारं रंगवताना कळलेलं होतं. तरी तोंडातून शब्द फुटला नाही. बरं, मी काही अडाणी नाही. पण आईला खोकला आला नाही या आनंदात माणूस किती बघणार?

22 व्या दिवशी पापुद्रे निघाले. नखाने सोलून निघत होते. तो म्हणाला, दगडच वाईट.

म्हणजे सॉल्व्हंटच्या नावाखाली त्याने वॉटर-बेस्ड, पाण्यात बनवलेला सीलर लावला होता. वॉटर-बेस्डला नावं ठेवत नाही. घरात, बंद खोलीत मी तेच लावीन. वास कमी, पेट घेण्याची भीती नाही. पण तेच हवं असतं तर वॉटर-बेस्डच्या भावात घेतलं असतं, आणि त्यात 3 तांबे पाणी नसतं. डबा समोर फोडायला लावा. आधी एकाच फरशीवर लावून बघा. सॉल्व्हंटचा असेल तर फरशी पूर्ण कोरडी हवी, नाहीतर पांढरट डाग धरतात.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे वहीचं फाडलेलं पान. फोटो दाखवले तर म्हणे, यात पाणी कुठे दिसतं? दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे त्याचे 30 टक्के तुमच्याकडेच बाकी आहेत ना?"