फिनलंडची 'लोकनमुना' सेवा: दगड फुकट तपासून मिळतो, पण नोंद चोख हवी

फिनलंडच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, जीटीकेची, ही सेवा खनिज शोधणाऱ्या हौशी माणसासाठी उत्तम आहे. सापडलेला दगड पाठवायचा, भूवैज्ञानिक तो तपासतात, पैसे घेत नाहीत. आशादायक नमुन्याला बक्षीसही मिळते. हौशी माणसांवरच्या या विश्वासाला आधार आहे: १९५८ मध्ये पुहासाल्मीचे तांबे-जस्त एका शेतकऱ्याच्या विहीर खोदाईत सापडले.

मुठीएवढा तुकडा पुरतो, पण त्याला ताजा फोडलेला पृष्ठभाग हवा. गंजलेल्या सालीखाली काय आहे ते कळत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, क्रमांकासह. जागेचे अक्षांश-रेखांश, आणि दगड मूळ खडकातून काढला की सुटा धोंडा होता, हे लिहायलाच हवे. बहुतेक जण इथेच चुकतात. हिमयुगातल्या सरकत्या बर्फाच्या थराने धोंडे मूळ जागेपासून दूरवर वाहून नेले आहेत. १९०८ मध्ये किविसाल्मीला सापडलेल्या तांब्याच्या धोंड्याचा माग बर्फाच्या उलट्या दिशेने, वायव्येकडे काढत १९१० मध्ये सुमारे ५० किलोमीटरवर औटोकुम्पूचा साठा मिळाला. जागेची नोंद नसती, तर तो नुसता जड दगड ठरला असता.

पाठवण्यापूर्वी घरी दोन चाचण्या कराव्यात. पिवळे चमकणारे खनिज चाकूने सहज ओरखडले, तर कॅल्कोपायराइटची, म्हणजे तांब्याची शक्यता. चाकू चालत नसेल तर बहुधा पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचे खनिज. बुडबुड्यांची छिद्रे असलेला काळा, जड तुकडा बहुतेकदा जुन्या भट्टीची मळी असतो, तो पाठवू नये.