जुना जकार्ड प्रोग्रॅम, नवा संगणक आणि डेबियनचे मल्टिआर्क

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा लहान कारखाना आहे. मागावर विणायची जकार्डची नक्षी काढण्याचा आमचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीच्या काळातला, ३२-बिट आहे. तो करणाऱ्याने केव्हाच हात वर केले; मात्र साऱ्या जुन्या नक्ष्या त्याच्याच फाइलींत असल्याने तो सोडताही येत नाही. कार्यालयातील नव्या संगणकावर ६४-बिट डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) घालून हा प्रोग्रॅम वाइनमार्फत, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनामार्फत, चालवायचे ठरवले, तेव्हा मल्टिआर्कशी, म्हणजे एकाच यंत्रणेत वेगवेगळ्या आर्किटेक्चरची (प्रोसेसरच्या प्रकारांची) पॅकेजे नांदवण्याच्या सोयीशी, गाठ पडली.

६४-बिट प्रोसेसर आणि कर्नेल (यंत्रणेचा गाभा) ३२-बिट प्रोग्रॅमला आडकाठी करत नाहीत. परंतु अशा प्रोग्रॅमला ६४-बिट लायब्ररी (प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) जोडता येत नाही, त्यामुळे सी-लायब्ररीपासून फाँटच्या लायब्ररीपर्यंत सगळ्यांची ३२-बिट प्रत वेगळी लागते. पूर्वी डेबियनमध्ये अशा लायब्ररी एकाच अवाढव्य पॅकेजात कोंबलेल्या असत आणि त्यातल्या एकीची दुरुस्ती आली, तरी अख्खे गाठोडे पुन्हा बांधावे लागे. २०१३ च्या डेबियन ७ पासून मल्टिआर्कमुळे ही कटकट संपली. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात लायब्ररींसाठी लिब आणि लिब६४ अशा दोन खोल्या, म्हणजे फोल्डर, असतात. डेबियनने प्रत्येक आर्किटेक्चरला त्याच्या पूर्ण नावाचा स्वतंत्र फोल्डर दिला, त्यामुळे उद्या एआरएमच्या (मोबाइलमध्ये असतात तशा प्रोसेसरच्या) लायब्ररी आणल्या तरी जागेचा तंटा होत नाही. अर्थात त्या चालवायला क्यूएमूसारखा अनुकारक (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लागतो, हे वेगळे.

प्रत्यक्ष काम अगदीच थोडे निघाले: डीपीकेजीला (डेबियनची पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) आय३८६, म्हणजे ३२-बिट पीसीचे, हे जास्तीचे आर्किटेक्चर सांगायचे, पॅकेजांची यादी ताजी करायची आणि वाइनचा ३२-बिट भाग मागवायचा. बाकीचे अवलंबित्व, म्हणजे एका पॅकेजाला आणखी कोणती लागतात ते, पॅकेजे मागवणारे एपीटी स्वतः सोडवते.

एका गोष्टीने मात्र अर्धा दिवस खाल्ला. डेबियनबाहेरच्या एका पॅकेज-भांडारातून मी पूर्वी एक ६४-बिट लायब्ररी नव्या आवृत्तीची घेतली होती. तिची ३२-बिट जोडीदारीण तिथे नव्हती, आणि एपीटी ‘अवलंबित्व पूर्ण होत नाही’ एवढेच सांगून अडून बसले. दोन्ही प्रती कागदपत्रांच्या काही फाइली वाटून घेतात, म्हणून डीपीकेजी त्यांची आवृत्ती तंतोतंत एकच असावी असा आग्रह धरते. आग्रह योग्यच आहे. पण संदेशात कारण स्पष्ट लिहिले असते तर मी भलत्याच पॅकेजांच्या मागे लागलो नसतो. शेवटी ती लायब्ररी डेबियनच्या मूळ आवृत्तीवर परत आणली आणि नक्षी पडद्यावर उमटली.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी कर्नेल आणि इन्स्टॉलर उरलेले नाहीत, त्यामुळे गोदामातला ३२-बिट संगणक डेबियन १२ वरच राहील. ६४-बिट यंत्रावर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती आय३८६ ची पॅकेजे मात्र त्यांनी ठेवली आहेत, आणि आम्हाला तेवढीच हवी आहेत.