टीए की अग्निवीर?

आर्वीकडचा भाचा अडून बसलाय: प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए; कामधंदा सांभाळून करायची फौजेची नोकरी) की अग्निवीर? अकॅडमीवाल्यांची पोस्टरं बाजूला ठेवू.

अग्निवीराला 4 वर्षं दरमहा पगार, पुढे कायम होतात फार तर 25 टक्के. टीएत बोलावतील तेवढ्याच दिवसांचा पगार. पण वयोमर्यादा 42, आणि वावर सुटत नाही.

परंपरेत टीए उणी नाही. 9 ऑक्टोबर 1949 ला राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. नागपूरची 118 बटालियन लष्कराच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटशी जोडलेली, म्हणून ब्रीदही त्यांचंच: 'सर्वदा शक्तिशाली'. मुक्काम सीताबर्डी किल्ल्यावर. 1817 ला भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली ती हीच टेकडी!

वय विशीच्या आत अन् घरी कपाशी पाहणारं कोणी असेल, तर अग्निवीर. कामधंदा सांभाळून वर्दी हवी असेल, तर टीए. फक्त चूल तिच्या भरवशावर ठेवू नये.